दादाच्या नावावर

बारक्याने टेबलावर मोठ्या भावाचं ओळखपत्र ठेवलं आणि नावही भावाचंच सांगितलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. लपून उभा होता तो त्या नावाचा खरा मालक, सीटी स्कॅनच्या खोलीबाहेरच्या खांबाआड.

खरा मालक बसचालक होता. एकोणतीस वर्षं गाडी चालवली, पण आरशालाही ओरखडा नाही. निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि जिना चढताना छाती आवळायला लागली होती. आगाराच्या डॉक्टरांसमोर एकदा बोलून गेला आणि तिथेच फसला. हृदयाच्या धमन्यांचा स्कॅन काढून आणा, म्हणाले. त्यात काही निघालं की स्टिअरिंग सुटलं. उरलेले दिवस फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. त्याच्याच हाताखाली शिकलेले चालक जाता-येता हात हलवणार. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला अगदी मनापासून वाटे.

बारक्या दीड वर्षाने लहान. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. तो तलावावर पोहायला शिकवायचा. रोज दुपारी तीनला, शिकणारे यायच्या आधी, एकट्याने चाळीस फेऱ्या मारायचा. पन्नाशी उलटली तरी त्याचं कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं.

"आणि तुझ्या छातीचं काय, दादा?" त्याने आदल्या दिवशी विचारलं होतं.

"चौदा महिने ढकलतो. मग बघू."

"गाडीत पन्नास माणसं असतात."

"मला माझं काम शिकवू नकोस."

दादापुढे बारक्याचं आजवर कधी चाललं नव्हतं. याही वेळी चाललं नाही.

आत तंत्रज्ञ बाईंनी नाडी पाहिली. बावन्न. "बाकीच्यांना ठोके कमी करायला गोळी देऊन तासभर बसवून ठेवावं लागतं," त्या म्हणाल्या. "सगळे तुमच्यासारखे आले, तर आम्ही वेळेवर जेवू तरी." मग दंडाच्या खाली सुई टोचली. औषध आत गेलं की अंगभर गरम वाटेल, कपड्यात लघवी झाली असं वाटेल, पण झालेली नसते, हेही त्यांनी समजावलं. बारक्या हसला. दार बंद झालं.

अर्ध्या तासाने तो हात चोळत बाहेर आला.

"दहा सेकंद श्वास रोखायला सांगत होत्या. मला! मी दोन मिनिटं पाण्याखाली बसतो." त्याने ओळखपत्र भावाच्या खिशात सरकवलं. "घे तुझं कोरं करकरीत हृदय. मी निघतो."

चालक कॅन्टीनमध्ये बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. वर दोन चहा घेतले. पावणेतीनला त्याचं नाव पुकारलं, तेव्हा तो रुबाबात उठला.

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही चालत आलात?"

"हो. का?"

"बसा. आता उठायचं नाही."

पडद्यावर हृदय होतं. डॉक्टरांनी एका नळीच्या मुळाशी बोट ठेवलं. तिथे ती दोऱ्याएवढी झाली होती.

"ही डावीकडची मुख्य धमनी. सुरुवातीलाच नव्वद टक्के बंद आहे. अर्ध्याहून जास्त हृदय हिच्यावर जगतं. जिना नाही, धावपळ नाही. आत्ताच्या आत्ता दाखल व्हायचं. इतके दिवस तुम्ही हिंडत-फिरत होतात कसे, हेच मला कळत नाही."

चालकाच्या मनात आधी स्टिअरिंग आलं. गेलं. एवढं सोंग केलं आणि तरी गेलं. त्याला नशिबाचा संताप आला, डॉक्टरांचा आला, त्या मशीनचाही आला. मग त्याला कळलं की आपण कुणाच्या हृदयाकडे बघतोय. घड्याळात तीनला सहा मिनिटं कमी होती.

त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली. बारक्या पाण्यात उतरायच्या आधी फोन कपाटात ठेवून कुलूप लावतो, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने पुन्हा लावला. मग तो उठला आणि दाराकडे धावला. दारात चाकाची खुर्ची घेऊन दोन वॉर्डबॉय उभेच होते. त्यांनी त्याला अलगद धरलं आणि खुर्चीत बसवलं.

"सोडा मला. तलावावर जायचंय."

"कुठेही जायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "घरी आम्ही कळवतो."

आता तोंड उघडलं तर फाटकाची खुर्चीही मिळणार नव्हती. लबाडीचा शिक्का घेऊन थेट घरी. चालकाने तोंड उघडलं.

"डॉक्टर, तो रिपोर्ट माझा नाही. माझ्या भावाचा आहे. तो आता पाण्यात उतरेल हो, त्याला थांबवा."

डॉक्टरांनी रिपोर्टवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं, त्याच्या खांद्यावर मायेने हात ठेवला आणि वॉर्डबॉयना निघायची खूण केली.

"दुसऱ्याचा आहे, असं पहिल्यांदा सगळेच म्हणतात," ते म्हणाले.