वस्तरा हातात असताना

“यांचा हात थरथरतो, तेवढं थांबवा,” सलूनवाल्याची बायको म्हणाली, नळ दुरुस्त करणाऱ्याला सांगावं तसं. “रक्त तपासून झालं, एक्स-रे झाले, सगळं ठणठणीत निघतंय. आणि सलून असून चार महिने वस्तरा धरलेला नाही या माणसानं. नुसती कात्री चालवतात, तीही भीतभीत. दुकान बंद पडायची वेळ आलीय.”

“घरी बोलतात का?” समुपदेशक बाईंनी विचारलं.

“छे! पूर्वी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. आता ‘जेवायला वाढ’, संपलं. मला भीती वाटते हो यांची.” तिला रडू आवरेना, तेव्हा ती स्वतःच बाहेर जाऊन बाकावर बसली.

सलूनवाला खुर्चीत अवघडून बसला होता. चोवीस वर्षं लोकांना खुर्चीत बसवलं, पण स्वतःवर वेळ आली तर हात कुठे ठेवावेत कळेना. झोप लागते का? लागते. भूक? लागते. काही घडलं होतं का? नाही. साफ खोटं! पण बाई समोरून थेट त्याच्याकडे बघत होत्या, सांगणार कसं?

“मॅडम, एक सांगू? रागावू नका,” तो शेवटी म्हणाला. “आमच्याकडे भलीभली माणसं येतात. सुनेची गाऱ्हाणी सांगतात, साहेबाला शिव्या घालतात. एक जण तर लग्न मोडलं म्हणून ढसाढसा रडला. का? मी मागे उभा असतो म्हणून. तोंडावर कोण बोलतं हो?”

बाई उठल्या आणि आपली खुर्ची ओढत नेऊन त्याच्या पाठीमागे बसल्या. खुर्चीचे पाय फरशीवर असे किंचाळले, की बायकोनं दार किलकिलं करून पाहिलं. हे कसलं औषध, असा चेहरा करून तिनं ते परत लावून घेतलं.



“माझा धाकटा भाऊ,” तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. “दर रविवारी दाढीला यायचा. फुकट्या म्हणायचो मी त्याला. चार महिन्यांपूर्वी, त्या रविवारी दुकानात ही गर्दी! मी गळ्याखालून वस्तरा वर घेत होतो, आणि हा म्हणतो, ‘दादा, मला तुझ्याशी जरा बोलायचंय.’”

त्यानं बोट स्वतःच्या गळ्यावरून वर नेलं आणि तिथंच ठेवलं. मागून कोणी घाई केली नाही.

“गळ्यावर वस्तरा असताना कोणी तोंड उघडलं, की आम्ही गप्प करतो. कापलं म्हणजे? मी म्हटलं, ‘गप रे, हलू नकोस.’ बसला गप्प. लहानपणापासून माझं ऐकायचा.”

“आणि दाढी झाल्यावर?”

“पुढचं गिऱ्हाईक उभं होतं हो, मॅडम. मी टॉवेल झटकला आणि ‘या साहेब, बसा’ म्हटलं. हा हसला. म्हणाला, ‘राहू दे, नंतर बघू.’” तो भिंतीलाच सांगत राहिला. “त्याच संध्याकाळी जीव दिला त्यानं. घरात सगळे म्हणतात, कोणाला काही कळलंच नाही. मला कळलं असतं! मीच गप्प केलं त्याला.”

भाऊ गेला तेव्हाही न रडलेला तो माणूस आता लहान मुलासारखा रडला. रडता रडता बोलत राहिला. भावाचे केस किती राठ होते, पहिल्यांदा वस्तरा चालवायला आपण त्याच्याच गालावर शिकलो, तेव्हा त्यानं हूं की चूं केलं नाही. बोलण्याला शेंडा ना बुडखा. पण चार महिन्यांत एवढं तो कोणाशीच बोलला नव्हता.

दारावर टकटक झाली. बाहेर टेबलाशी बसणाऱ्या मुलीनं डोकं आत घातलं. “मॅडम, यांची वेळ संपली. पुढचे आलेत.”

सलूनवाला चटकन डोळे पुसून उठायला लागला.

बाईंनी मागूनच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“त्यांना थांबायला सांग,” त्या मुलीला म्हणाल्या. “यांचं बोलणं व्हायचंय अजून.”