सोबतीला एक माणूस

शर्यतीच्या पंचेचाळिसाव्या किलोमीटरला लेक आली, घडीच्या खुर्चीत कोसळली आणि तिने पाय लांब केले ते थेट सासूच्या मांडीवर. आई शेजारीच उभी होती. हातात उकडलेले बटाटे, सालं काढून, मीठ लावून तयार.

"नको गं आई. घशाखाली उतरत नाही," लेक म्हणाली. आणि सासूने पुढे केलेला सुपाचा पेला तिने घटाघटा रिकामा केला. आईच्या अंगाचा तिळपापड झाला.

विहीणबाई तीस वर्षं नर्स होत्या. त्यांनी मोजा उतरवला, टाचेवरचा फोड पाहिला, सुई स्पिरिटने पुसली आणि सुनेला बोलण्यात गुंतवून फोड अलगद फोडला. आईची उभी हयात शिवणकामात गेली होती. साठ किलोमीटरच्या या डोंगरवाटेवर एकच सुईचं काम निघालं, तर तेही विहिणीच्या हातात!

"दुखलं का गं?" विहीणबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

एरवी ती सासूला 'अहो आई' म्हणायची. त्या 'अहो'वर आईने चार वर्षं समाधान मानलं होतं. आज थकव्यात तो 'अहो'सुद्धा गळून पडला. मग लेक सासूच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. विहीणबाईंनी मान डोलावली. लेक उठली, जाता जाता आईचा गाल ओढला आणि पायवाटेला लागली.

खरं सांगायचं तर आईला बोलायला तोंड नव्हतं. शाळेत असताना पोरीला धावायचं होतं, तेव्हा "पडशील, हातपाय मोडून घेशील," म्हणत हिनेच तिचं नाव शर्यतीतून काढायला लावलं होतं. लग्नानंतर पोरगी पहाटे धावायला लागली, तर सासू पाण्याची बाटली घेऊन सायकलवर मागे. कौतुकच होतं ते, कोण नाही म्हणतंय? पण जन्म दिला, आजारपणं काढली, ते कुणी धरायचंच नाही? आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय लागतं!

जावयाने दोघींना गाडीतून शेवटच्या कमानीपाशी आणलं. तिथून शर्यत संपायला एक किलोमीटर. चार वाजेपर्यंत जो पोचेल तो पोचला, बाकीचे बाद. कमानीवर पाटी होती : इथून पुढे धावणाऱ्यासोबत घरचं एकच माणूस जाऊ शकेल, अर्जात नाव दिलेलं असेल तेच. आईने पाटी दोनदा वाचली.

"कुणाचं नाव दिलंय हो?" तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ती आली की कळेलच," विहीणबाई म्हणाल्या आणि घडी केलेल्या टॉवेलची पुन्हा घडी करू लागल्या.

"अर्ज तुम्ही दोघींनीच भरलात ना?"

"हो."

झालं. आणखी काय विचारायचं? आईने जावयाकडून किल्ली मागून घेतली. "डोकं ठणकतंय, जरा पडते," म्हणाली. जावयाचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. त्याने नुसतं "हं" केलं.

गाडी मैदानाच्या पार टोकाला होती. आईने काचा वर केल्या, फोन बंद करून पर्समध्ये टाकला. आत भट्टी तापली होती, तरी बसून राहिली. आता विहीण पोरीचा हात धरून मिरवत जाईल. लोक टाळ्या वाजवतील. फोटो निघतील, आणि तो फोटो दिवाणखान्यात लागेल. तिच्या मनात नको ते आलं : नाहीच पोचली पोरगी वेळेत, तर बरं होईल. तिला स्वतःचीच भीती वाटली. पण तो विचार काही हटेना.

काचेवर धाडधाड थापा पडल्या. बाहेर विहीणबाई. लालबुंद, केस सुटलेले, श्वास लागलेला.

"उतरा आधी! कधीची उभी आहे ती कमानीपाशी. पुढे पाऊल टाकायला तयार नाही."

"मग तुम्ही जा ना," आई म्हणाली.

"मी कशी जाऊ? अर्जात नाव तुमचं आहे."

आईने गाडीचं दार उघडलं.

"तुम्ही नको म्हणाल या धास्तीने तिने स्वतः विचारलं नाही, तुम्हाला सांगायचं म्हणून मला सकाळीच बजावलं होतं. फोड फोडला तेव्हा पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणाले." विहीणबाईंचा आवाज चिरकला. "चार वर्षं तिचे फोड मी फोडले. पहाटेची सायकल मी हाणली. आणि नाव लिहायची वेळ आली, तर मला विचारलंसुद्धा नाही हो! सरळ तुमचं लिहून टाकलं. जळले मी. निरोप गिळून टाकला."

आईचा पाय गाडीबाहेर पडला, चप्पल आतच राहिली. "किती वेळ आहे?"

"सतरा मिनिटं."

आईने दुसरीही चप्पल भिरकावली आणि मैदानातून कमानीच्या दिशेने धूम ठोकली. जन्मात कधी धावली नव्हती ती. मागून विहीणबाई कमरेवर हात ठेवून ओरडल्या :

"पळा! वेळेत पोचला नाहीत तर ती मला माफ करायची नाही. आणि पोचलात, तर मी तुम्हाला करायची नाही!"