सामन्यापुरता

“जिंकलो,” उन्नती दारातच म्हणाली आणि बूट न काढता सोफ्यावर बसली.

आत देव्हाऱ्यापुढे बसलेल्या प्रेमलतानं हात जोडले. पोरगी सामन्याला निघाली तेव्हाच तिनं पितळी पातेल्यात पाणी घेऊन बाळकृष्ण त्यात बुडवून ठेवला होता. मागणं पुरं होईस्तोवर देवाला पाण्याबाहेर काढायचं नाही, हा सासूकडून आलेला उपाय. देव गुदमरला की लवकर ऐकतो म्हणे. शहरातल्या या मनीषनगरच्या फ्लॅटमध्येही तो लागू पडला, याचं तिला फार कौतुक वाटलं.

तसा मामला अवघडच होता. विदर्भाच्या कबड्डी संघात एकच जागा उरली होती आणि ती उन्नतीला मिळणार की कुही गावच्या मयुराला, हे आज दोघींच्या संघांमधल्या सामन्यावर ठरायचं होतं. मयुरा खेळात उजवी आहे, हे प्रेमलतालाही कळत होतं. म्हणून ‘माझी पोर जिंकू दे’ एवढ्यावर तिनं भागवलं नव्हतं. ‘त्या मयुराचा पाय मुरगळू दे,’ असंही मागितलं होतं. मग आपलीच आपल्याला लाज वाटून घाईनं जोडलं होतं, ‘जास्त नको. सामन्यापुरता.’

तिनं पाण्यात हात घातला आणि ओला बाळकृष्ण मुठीत घेऊनच बाहेर आली.

“अशी काहून बसली वं? थांब, बाबाले फोन लावतो. येताना संत्रा बर्फी आणतील.”

“नको लावू.”

उन्नती आपल्या तळहातांकडे पाहत होती. मैदानाची माती अजून त्यांच्यावर होती.

“मयुराचा पाय गेला, आई. ती चढाईले आली, मी तिचा घोटा धरला. नेहमी धरते तसाच. मग सगळ्या पोरी अंगावर पडल्या. अन् माझ्या हातात कडकन् वाजलं.”

प्रेमलता होती तिथेच भिंतीला टेकली.

“मुरगळला असंन,” ती म्हणाली.

“हाड बाहेर आलं होतं.”

प्रेमलतानं मुठीतल्या बाळकृष्णाकडे पाहिलं. आपण तर माप सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं.

“डॉक्टर म्हणे, खेळायचं आता मनातून काढा. नीट चालली तरी खूप झालं.”

“तुही काही चूक नाही. खेळात होते असं.”

“तू काय मागितलं होतं देवाले?”

“तू जिंकावं म्हणून. दुसरं काय मागू?”

उन्नतीनं मान हलवली. आई खोटं बोलेल, असं तिच्या मनातही आलं नाही. प्रेमलताला तेच सोसवेना. पोरीनं एकदा तरी संशयानं पाहायला हवं होतं.

“मी तिच्यासंगं गेली होती ना अँब्युलन्समध्ये,” उन्नती म्हणाली. “ती रडूनही नव्हती राहिली. मले म्हणे, माझ्या आईले एवढ्यात सांगू नको. ती घरी देव पाण्यात ठेवून बसली आहे. मी जिंकल्याचा फोन गेल्याशिवाय ती काही त्याले बाहेर काढत नाही.”

प्रेमलताच्या मुठीतून फरशीवर पाणी ठिबकत होतं. ती वळून आत गेली. पातेलं अजून देव्हाऱ्यापुढेच होतं. तिनं बाळकृष्ण पुन्हा पाण्यात ठेवला आणि डोळे मिटले, पण शब्द जुळेनात. काय मागावं आणि किती मागावं, याची तिला आता भीती वाटत होती.

मागे दारात उन्नती येऊन उभी राहिली होती.

“आता काहून ठेवून राहिली, आई?” ती म्हणाली. “जिंकलो ना आपण.”