मागच्या सीटचं माप

“जरा वाढत्या अंगाचं दाखवा,” आई दुकानदाराला म्हणाली. मी सत्तावीस वर्षांचा घोडा झालोय, हे तिला कोण सांगणार? पण बाइकवर घालायचं जाकीट तीच निवडणार, या अटीवरच तिने बाइक घेऊ दिली होती.

“काकू, हे अंगाला घट्टच बसायला हवं. सैल असलं तर पडल्यावर कोपराचं पॅड भलतीकडेच सरकतं.”

‘पडल्यावर’ ऐकून आईचा चेहरा उतरला. तिने निमूटपणे घट्ट जाकीट उचललं, तेही भडक केशरी. मी काळ्याकडे हात नेला, तर हातावर चापट बसली.

“आणि मागे बसणाऱ्याचं काय?”

“मागे कुणी बसतच नाही, आई.”

“बरं.” ती दुकानदाराकडे वळली. “असंच एक लेडीज दाखवा.”

त्याने लार्ज काढून काउंटरवर पसरलं. आई खाली मान घालून शिवणी तपासू लागली.

“बसेल ना रे हे?”

“छे, ढगळ होईल. तिला मीडियम लागेल.”

जीभ चावेपर्यंत उशीर झाला होता. आईने मीडियम मागवलं आणि माझ्याकडे बघून गोड हसली.

“माप कळलं. आता नाव सांग.”