आईच्या नावाची रजा

“तुमची आई मरणार तरी कितीदा हो?”

खिडकीमागच्या रजा-कारकुनाने हे मुद्दाम मोठ्याने विचारलं. रांगेतले ड्रायव्हर आणि गार्ड फिदीफिदी हसले. त्याला तेच हवं होतं. इंजिन ड्रायव्हर म्हणजे त्याच्या मते एकजात लबाड, आणि समोरचा हा थोराड माणूस तर सगळ्या लबाडांचा मुकादम.

त्याने जुनं रजिस्टर काढून टेबलावर आपटलं. दोन वर्षांपूर्वीचं पान. कारण : आईचे निधन. तीन दिवस, भरपगारी. खाली ड्रायव्हरची सही.

“रजेसाठी खोटं लिहिलं तर नोकरी जाते. करारात आहे तसं. तुमच्याच युनियनने सही ठोकलीये त्यावर.”

“त्याच करारात पोरांच्या आजारपणाला एक दिवससुद्धा नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “तेही तुम्हीच ऐकवलंत मला, याच खिडकीतून. पोरीचं ऑपरेशन होतं. न सांगता घरी बसलो असतो, तरी नोकरी गेलीच असती. शेवटी आईच म्हणाली, ‘मेले म्हणून लिही मला. मला काय धाड भरलीय!’ लिहिलं.”

रांगेतलं हसू थांबलं. कारकुनाला मात्र चेव आला. चोर आपल्या तोंडाने कबूल करतोय, आणखी काय पाहिजे? त्याने लाल पेन उचललं.

“बरं. आज कोणाचं ऑपरेशन?”

“कोणाचं नाही. पहाटे आई गेली. खरंच गेली. तिला पोहोचवायचंय अजून, आणि दुपारच्या मालगाडीवर माझी ड्युटी लागलीये. वाटलं, जुनं पान कोण उलटून बघतंय.”

कारकुनाच्या ओठांवर शिवी आली होती, ती तशीच राहिली. ड्रायव्हरच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. एवढा वेळ ते त्याला दिसलंच नव्हतं. त्याला त्या माणसाचा राग आला, कराराचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. त्याने रजिस्टर मिटलं. ड्रायव्हरचा अर्ज फाडून टोपलीत टाकला आणि नवा कोरा अर्ज पुढ्यात ओढला.

“वडील आहेत?” त्याने मान वर न करता विचारलं.

“आहेत. सकाळपासून तेच मागे लागलेत, माझं नाव लिही म्हणून.” ड्रायव्हर म्हणाला. “माझा हात उचलत नाही, साहेब. तुम्हीच लिहा.”