राखेचा पाय

वीजकेंद्राच्या चिमण्या थंड होऊन नऊ वर्षे झाली होती आणि गावाच्या उशाशी साचलेला राखेचा डोंगर आता गोण्या भरभरून कृत्रिम अवयव केंद्रात येत होता. तिथे आधाराच्या दोन कठड्यांमध्ये गिरजाबाई नव्या डाव्या पायावर उभ्या होत्या.

"मावशी, या पायासाठी ॲल्युमिनियम वितळवलंच नाही," तंत्रज्ञ तनुजा सांगत होती. "फिरत्या हत्याराच्या घर्षणानं कणकेसारखं मऊ केलं आणि तुमच्या गावची राख त्यात मळली. म्हणून पाय हलका आहे, तरी मोडायचा नाही."

गिरजाबाईंचा पाय राख वाहणाऱ्या डंपरखालीच गेला होता. "या बैमान राखेवर भार टाकू म्हणतं तू?"

"टाकून तर बघा."

त्यांनी कठडे सोडले. राखेने त्यांना पेलले. चार पावलांनंतर त्या थांबल्या, पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "या राखेनं पाय नेला थे इसरली नाही मी, पोरी. पण आज उभी केली हिनं, हेबी नाही इसरणार."

मग त्यांनी पिशवीतून डावी चप्पल काढली. दुकानात जोडच मिळतो, म्हणून ती कोरी राहिली होती. उजवी झिजून कागदासारखी झाली होती.

"दोन्ही चपलांची उंची जमत नाही, मावशी," तनुजा हसली.

"जमते," चप्पल चढवत त्या म्हणाल्या. "आता हेबी झिजते."