कलमवाले बाबा

"कलम का तख्ती?" रहेमान गवंड्यानं चुना कालवता कालवता विचारलं.

"तख्ती," अब्दुल गनी म्हणाला. "पोरगी होती ना."

दिग्रसच्या कबरस्तानात रीतच तशी. पुरुषाच्या कबरीवर मधोमध उंच कणा काढायचा, ती कलम. बाईच्या कबरीवर पाटीसारखा सपाट दगड, ती तख्ती. जन्मभर लिहिता येवो न येवो, मेल्यावर ज्याला त्याला आपापलं सामान मिळतं.

गनीच्या लेकीला, मलिकाला, लिहिता येत होतं. बापानं शाळेतून नाव काढलं, तर तिनं चुलीतल्या कोळशानं घराच्या भिंती भरवल्या होत्या.

मलिकाची माय आयशाबी फाटकाबाहेरून ऐकत होती. कबरस्तानात बायका जात नाहीत.

अब्दुल गनी कलमवाल्या बाबांच्या दर्ग्याचा मुजावर. आजापासून चालत आलेलं काम. दर्गा झाडायचा, चादर बदलायची, किल्ली कमरेला. बाबा मोठे आलिम, विद्वान. कोण्या सुलतानाचं चरित्र त्यांनी लिहिलं. दरबारात पडद्याआड बसून लिहायचे, त्यांचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. सुलतानाच्या विजयांबरोबर त्याचं भिणंही लिहिलं, म्हणून देशोधडीला लागले आणि तोंड झाकूनच इथवर आले. अजूनही पोरं शाळेच्या पहिल्या दिवशी बाबांच्या पायाशी पाटी टेकवतात. पोरं म्हणजे मुलगे. बाईची सावली बाबांना चालत नाही. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, नवे पैसे आले, हा कायदा हलला नाही.

यंदा उरुसाच्या आदल्या दिवशी गनी चादर काढून बाबांची कबर धूत होता. मलिका पाटी घेऊन आत शिरली. त्यानं दंडाला धरून तिला बाहेर ओढलं. ती काही बोलणार, तोच थप्पड बसली.

"एक शब्द बोलशीन तर जीभ हासडीन!"

बाहेर उभ्या आयशाबीनं त्याला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाबांचा धाक, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी पोरीला ताप चढला, तो उतरलाच नाही. तापात एकच घोकणं. "अम्मी, तिथं पाटी हाय वं."

आयशाबीनं शाळेची पाटी उशाशी आणून ठेवली. "हे पाय, इथंच हाय तुही पाटी."

मलिका नाही नाही म्हणून मान हलवत राहिली.

मलिकाच्या चाळिसाव्या दिवशी शेजारची सुग्राबी जेवून हात धुता धुता म्हणाली, "बाबा कोपले वो. पोरीले समज नोती, पर मायले तर पाह्यजे होती. आता माफी भेटेलोक तिले तिकडंबी चैन नाही पडनार."

तेवढंच आयशाबीच्या काळजात रुतलं.

"मलिकाचे अब्बा," तिनं नवऱ्याला विचारलं, "एक डाव मले आत जाऊ द्या. पोरीची माफी मांगतो अन् येतो."

"तू काहून मांगतं? मी रोज मांगून राह्यलो ना."

"मंग? बाबा काई बोलले?"

गनीनं भरलं ताट सरकवलं. "बाबा बोलत नाही, तेच बरं हाय."

बाजाराच्या दिवशी तो मलिकाच्या नावाची चादर आणायला दारव्ह्याला गेला. किल्ली खुंटीवरच राहिली. विसरला असेल.

भर दुपारी आयशाबी पदराखाली पाटी घेऊन निघाली. दर्ग्याचं कुलूप काढून उंबरा ओलांडून गेली. आत अत्तराचा आणि ओल्या दगडाचा वास होता. तिनं गुडघे टेकले.

"बाबा, पोर नासमज होती. मारायचं तं मले मारा, पर तिले माफ करा. तिची निशानी तुमच्यापाशी ठेवतो."

पाटी कुणाच्या नजरेला पडू नये, चादरीखाली सरकवावी, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं चादरीचं टोक उचललं. मग थोडं आणखी. मग सगळी चादरच ओढून काढली.

कणा कुठंच नव्हता. लेकीच्या कबरीवर होती तशीच, सपाट तख्ती होती.